डबा क्रमांक एक

कुत्र्याचं अन्न चमच्याने चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

चाखायची त्यांची पद्धत ठरलेली होती. सकाळी आंघोळीनंतर आणि चहाच्या आधी, म्हणजे जिभेवर दुसरी कुठलीच चव नसताना. डबा उघडायचा, चमच्याच्या टोकावर वाटाण्याएवढा गोळा घ्यायचा, जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, दहापर्यंत मोजायचं आणि अंगणातल्या मोरीवर जाऊन थुंकायचं. मग चूळ भरून वहीत लिहायचं. मी वरच्या मजल्यावर राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी जिन्यावरून हा प्रकार पाहिला आणि आल्या पावली परत वर गेले. म्हाताऱ्याचे खायचे वांधे आहेत आणि बोलायला लाज वाटते, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीभर पोहे घेऊन खाली उतरले.

त्यांनी पोहे घेतले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "चांगले हायेत. मीठ थोडं वर गेलं. पण मॅडम, तुमाले काय वाटलं, मी उपाशी हाओ?"

"तसं नाही काका, काल तुम्ही ते डब्यातलं..."

"ते मोहनचं हाये. मी तपासून राहिलो होतो. जे माह्या जिभेले नाही चालत, ते त्याच्या पोटाले कसं चालन?"

मोहन म्हणजे कुत्रा. जाडजूड, मधाच्या रंगाचा, लॅब्रेडॉर जातीचा. वय दहा, दात निम्मे पडलेले. काकांच्या मुलाने तो बंगलोरला पाळला होता आणि नाव ठेवलं होतं मफिन. पुढे मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि कुत्रा वडिलांकडे सोडून गेला. काकांनी पहिल्याच दिवशी नाव बदललं. "पावाचं नाव घेऊन जनावराले हाक मारू काय मी?" असं त्यांचं म्हणणं. सातव्या वर्षी नाव बदललं तरी कुत्र्याने तक्रार केली नाही. हाक मारली की यायचा, हाक न मारतासुद्धा यायचा.

दात नसल्यामुळे त्याला कोरडे दाणे चावत नव्हते. डॉक्टरांनी डब्यातलं मऊ अन्न द्यायला सांगितलं होतं. मुलगा तिकडे बसून मोबाइलवर ऑर्डर करायचा, आणि इकडे कुरिअरवाला जवाहरनगरच्या वेशीबाहेरच्या आमच्या गल्लीत पत्ता शोधत यायचा. गल्लीत कुणालाही विचारलं की उत्तर मिळायचं, "कुत्र्याचे डबे काय? ते टेस्टिंगवाल्याचे."

टेस्टिंगवाले हे नाव जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून आलेलं. काका तिथल्या प्रयोगशाळेत होते. चौतीस वर्षं नमुने तपासले. कसले, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही; फॅक्टरीच्या कॉलनीच्या आसपास राहणाऱ्याला न विचारण्याची सवय आपोआप लागते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी कॉलनीला लागूनच हे घर बांधलं. वरचा मजला मुलासाठी होता. काकू गेल्या, मुलगा परदेशी गेला, आणि त्या मजल्यावर मी राहायला आले. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळची एकोडीची, धान पिकवणाऱ्या घरातली.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सकाळी फॅक्टरीच्या बसचा हॉर्न वाजला की काका इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे असायचे. बसमध्ये आता ओळखीचं कुणी नव्हतं. ड्रायव्हरसुद्धा नवा. पण बस गेली की ते मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "दोन मिनिट लेट." कुणाला म्हणायचे कोण जाणे. मोहन शेजारी असायचा, त्यालाच असेल.

घरात लेबल नसलेली वस्तू नव्हती. लोणच्याच्या बरणीवर उघडल्याची तारीख, तांदळाच्या कोठीवर लॉट नंबर, मिठाच्या डब्यावरसुद्धा चिठ्ठी. दूधवाल्याचं दूध ते काचेच्या नळकांड्यात घालून तपासायचे, त्यामुळे गल्लीत चांगलं दूध मिळणारं आमचं एकच घर होतं. त्यांच्या खिशाला दोन पेनं असायची, एक लाल आणि एक हिरवं. लाल पेन रिजेक्टचं. हिरवं पासचं. हिरव्या शाईत सही करायचा मान त्यांच्या साहेबांचा होता, नोकरीत ती यांच्या वाट्याला कधी आली नाही. म्हणून निवृत्तीच्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन स्वतःच्या पैशाने हिरवं पेन आणलं होतं. पण मी राहायला आल्यापासून ते कधी उघडलेलं मला दिसलं नव्हतं, कारण काकांच्या हातून काहीच पास व्हायचं नाही.

"नमुना खोटं नाही बोलत मॅडम," ते म्हणायचे. "नमुना घेनारा बोलते."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणतीच नाही. ऐकून मान डोलवायचे. अर्थ कळायला तीन वर्षं लागली.

लवकरच मी त्यांची लेखनिक झाले. त्याआधी ते रिपोर्ट फोनवर वाचून दाखवायचे, पण मुलगा म्हणाला की लेखी पाठवा म्हणजे कंपनीला दाखवता येईल, आणि काकांना मोबाइलवर टाइप करणं जमत नव्हतं. मग शनिवारी संध्याकाळी मी खाली जायचे. काका वही उघडून सांगायचे आणि मी त्यांच्या फोनवर लिहायचे. डब्याच्या पत्र्याची शिवण कशी आहे, झाकण अंगठ्याने दाबलं तर टक्क वाजतं का, रस्सा किती, तुकडे किती, गाळून घेतल्यावर त्यात मांस किती आणि सोयाबीनचे गोळे किती. वास. रंग. चव. आणि शेवटी लेबलवर छापलेले आकडे, ते भिंगातून वाचलेले. एवढा बारकाईचा रिपोर्ट माझ्या शाळेच्या तपासणीतसुद्धा कुणी लिहिला नव्हता.

एकदा त्यांच्या सांगण्यावरून वहीत एक आकडा मी लिहिला, तो चुकला, म्हणून मी तो गिचमिड करून खोडला. काकांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. रागावले नाहीत, पण चेहरा पडला.

"असं नाही खोडाचं मॅडम. चुकलं तं चुकलं. एक सरळ रेघ माराची, फक्त एक. बाजूले सही कराची. खालचं वाचता आलं पायजे."

"पण चुकलेलंच आहे ना काका, वाचून काय करायचं?"

"काय कराचं ते वाचनारा ठरवन. आपन झाकाचं नाही."

पोरांच्या प्रयोगवह्यांत मी ही पद्धत दुसऱ्याच दिवसापासून लावली. पोरांनी मला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते सोडा.

तर असा रिपोर्ट शनिवारी जायचा आणि रविवारी सकाळी आठ वाजता मुलाचा फोन यायचा. काका पावणेआठपासून खुर्चीत बसलेले असायचे. फोन टेबलावर, वही मांडीवर, मोहन पायाशी. दुसऱ्या रिंगला उचलायचे. पहिल्या रिंगला उचललं तर वाट बघत बसलो होतो असं दिसतं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. मुलगा चांगला होता, हे सांगायला हवं. चिडायचा नाही. "बाबा, यात काय प्रॉब्लेम निघाला?" असं विचारायचा आणि काका सुरू व्हायचे. पहिल्यांदा शिवणीबद्दल, मग रस्स्याबद्दल, आणि शेवटी प्रोटीनवर यायचे. जुन्या कोरड्या दाण्यांची रिकामी पिशवी त्यांनी जपून ठेवली होती, तिच्यावर प्रोटीन चोवीस टक्के लिहिलेलं. आणि डब्यावर आठ.

"चोवीस कुटं, आठ कुटं! हे काय कुत्र्याले खाऊ घालाचं? रिजेक्ट."

"बरं बाबा, दुसरा बघतो," मुलगा म्हणायचा. मग कुठला दुसरा, तो कुठून मागवायचा, कोंबडीचा का मेंढीचा, यावर आणखी दहा मिनिटं. जाता जाता तिकडे थंडी किती, जेवण काय केलं, बर्फ पडला का. वीस-पंचवीस मिनिटं सहज जायची. फोन ठेवला की काका सकाळभर गुणगुणत असायचे, आणि दुपारी मला हाक मारून चहा पाजायचे.

बाकी आठवडाभर तो फोन वाजत नसे. मी एकदा म्हटलं, "काका, शाळेतून फोन केला तर चालेल ना, दुपारी झोपता तुम्ही." तर म्हणाले, "कवाही करा. माझा फोन तुमाले कधीच एंगेज भेटनार नाही."

प्रत्येक लॉटमधला एक डबा ते न उघडता बाजूला ठेवायचे. राखीव नमुना. उद्या तक्रार उठली तर पुन्हा तपासता यावा म्हणून, त्याची मुदत संपेपर्यंत तो जपायचा असतो. मुलाच्या लग्नात घेतलेलं काचेचं कपाट त्यासाठी रिकामं केलेलं होतं. त्यात चांदीच्या भांड्यांच्या जागी कुत्र्याचे डबे, प्रत्येकाच्या पोटावर चिठ्ठी. घरात पाहुणा आला असता तर काय म्हणाला असता, हा प्रश्न उद्भवायचा नाही. पाहुणा यायचाच नाही.

यायची ती मासोळीवाली बाई. दोन कोसांवरच्या तलावावरून टोपली घेऊन यायची, अंगणात ऐसपैस बसायची, आणि काकांना फटकारायची सोय फक्त तिला होती.

"काका, डोकं फिरलं काय तुमचं? त्याले भात आन मासोरीचं पानी घाला. माह्या घरचे कुत्रे तेच खाऊन वाघावानी झाले. हा डब्बा कायले पायजे?"

"अवं, त्याले काटा लागन."

"काटा मी काढून देतो ना! तुमी माले एक सांगा, तुमी खरंच त्यातलं खाता काय? आमच्या गावात सारे म्हनते."

"चाखतो."

"तेच ते," असं म्हणून ती कपाळाला हात लावायची आणि दोन मासोळ्या जास्तीच्या टाकून जायची. त्या कुणासाठी असायच्या, ते ती सांगत नसे.

दुसऱ्या वर्षी मोहनची तब्येत उतरली. पोट सारखं बिघडलेलं. आधी वाटलं वयाचं आहे. मग बरगड्या दिसायला लागल्या. काका रात्रीतून दोनदा उठून अंगण धुवायचे, मला सकाळी ओलं अंगण दिसायचं. आम्ही त्याला रिक्षात घालून भंडाऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने मोहनचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, खायला काय देता. काकांनी वही पुढे केली.

डॉक्टरने दोन पानं उलटली आणि वर बघितलं. "सर, तुमी दर पंधरा दिवसाले याचं खानं बदलवून राहिले. म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट कसं टिकन? कोनताही एक चांगला डबा धरा आन त्यालेच चिटकून राहा. असंच चाललं तं पावसाळा नाही काढनार हा."

परत येताना मोहनचं डोकं काकांच्या मांडीवर होतं आणि त्यांचा हात त्याच्या कानावर. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. एवढा शिकलेला माणूस, आणि हट्टापायी मुक्या जनावराचे हाल करतो, असं मला वाटलं. त्या आठवड्यात मी ठरवलं की कुठला तरी एक डबा आपणच पास करून घ्यायचा.

आणि मला चूक सापडली. सापडली म्हणजे काय, डोळ्यासमोरच होती. आमच्या घरी धान विकायला न्यायचं तर आबा आधी चार दाणे दाताखाली धरून बघायचे. कट्ट आवाज आला तर वाळलेलं, दबलं तर ओलं. ओल्या धानाचं पोतं आणि वाळल्या धानाचं पोतं एका काट्यावर तोलून बरोबरी करत नाहीत, हे एकोडीत शेंबड्या पोराला कळतं. डब्यातल्या अन्नात पाणीच ऐंशी टक्के. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा. मग लेबलवरचे आकडे जसेच्या तसे समोरासमोर कसे ठेवायचे? पाणी वजा केलं तर त्या आठ टक्क्यांचे चाळीस होत होते, आणि दाण्यांच्या चोवीसचे सत्तावीसच्या आत. म्हणजे काका ज्याला निकृष्ट म्हणून लाथाडत होते ते जवळजवळ दीडपट चांगलं होतं.

मी इतकी खूश झाले की विचारू नका. शिक्षकाला दुसऱ्याची चूक सापडली की जो आनंद होतो तो तुम्हाला शिक्षक झाल्याशिवाय कळणार नाही.

रविवारी आठला फोन आला तेव्हा मी मुद्दाम खाली होते. फोन स्पीकरवर होता. काकांनी शिवणीपासून सुरुवात केली, रस्सा झाला, तुकडे झाले, आणि मग, "प्रोटीन चोवीस कुटं, आठ कुटं..."

"काका, थांबा," मी म्हटलं. "तुम्ही पाणी धरलंच नाही."

मी आकडेमोडीचा कागद पुढे केला आणि मोठ्याने, फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगितलं. धानाचं उदाहरणसुद्धा दिलं. वर्गात देते तसं.

मुलगा तिकडे हसायला लागला. "मॅडम, कमाल केलीत! बाबा, तुम्ही केमिस्ट ना? एवढी साधी गोष्ट?"

काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी खाली मोहनकडे बघितलं. तो कुशीवर पडलेला होता आणि श्वासाबरोबर त्याच्या बरगड्या वर येऊन खाली जात होत्या. काकांनी माझा कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला. चार ओळींचा कागद होता.

"हो," ते म्हणाले. "ओलावा राहूनच गेला."

"मग हा डबा पास ना काका?" मी विचारलं.

त्यांनी खिशातलं हिरवं पेन काढलं. ते चालेना. वहीच्या कोपऱ्यात गोल गोल फिरवलं तेव्हा शाई उतरली. त्यांनी 'पास' लिहिलं, खाली सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"मस्त!" मुलगा म्हणाला. "मग हाच फिक्स करून टाकतो बाबा. दर महिन्याला आपोआप येईल, मला ऑर्डर करायला नको आणि तुम्हाला तपासायला नको. सुटलात तुम्ही."

"हो," काका म्हणाले.

तो फोन सात मिनिटांत संपला.

मोहन सुधारला. महिन्याभरात अंगावर मांस आलं, फाटकापर्यंत धावायला लागला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. पुढच्या रविवारी पावणेआठला काका खुर्चीत बसले होते. वही मांडीवर होती. साडेआठला मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हाही बसलेले होते. नऊ वाजता त्यांनी वही आत नेऊन ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मग कधी दिवाळीला, कधी वाढदिवसाला फोन यायचा. मुलगा वाईट नव्हता, पुन्हा सांगते. त्याला कारण उरलं नव्हतं.

मला वाटायचं, म्हातारा माणूस, चूक निघाली म्हणून मनाला लावून घेतलं असेल. दुपारचा चहा बंद झाला नाही, पण काका बोलायचे कमी. मी विषय काढायचे नाही. मोठेपणा दाखवायचे.

वर्षभराने माझी बदली नाकाडोंगरीला झाली. सामान टेम्पोत चढवून झालं तेव्हा काका एक खोकं घेऊन आले. त्यात जाड काचेचं, झाकणाचं एक भांडं होतं आणि एक जुनी वही. "हे तुमच्या शाळेले. मुलांले दाखवा."

भांडं मी ओळखलं. कॉलेजात पाहिलेलं होतं. भट्टीत वाळवलेला नमुना त्यात ठेवून गार करतात, म्हणजे हवेतला ओलावा त्याला पुन्हा लागत नाही.

"तुम्ही हे वापरायचे, काका?"

"वापराचो? चौतीस वर्षं दुसरं केलं काय म्या? माझा टेबलच ओलाव्याचा होता. नमुना आला का पह्यले माझ्याकडे. त्याच्यातलं पानी किती, ते सांगतल्याबगर पुढचा मानूस हातच नाही लावत होता." ते हसले. "जा आता, टेम्पोवाला बोंबलून राहिला."

तुमसरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग वही उघडली. ती पहिली वही होती, मी राहायला येण्याआधीची, म्हणून मी कधी पाहिलेली नव्हती. पहिल्या पानावर 'डबा क्रमांक एक'. शिवण, रस्सा, तुकडे. त्याखाली ओलाव्याची चाचणी, तीनदा केलेली, वाळवण्याआधीचं वजन आणि वाळवल्यानंतरचं वजन. त्याखाली पाणी वजा करून काढलेलं प्रोटीन. मी त्या रविवारी जे गणित मिरवत केलं ते सगळं तिथे होतं, माझ्यापेक्षा सुबक अक्षरात. आणि शेवटी हिरव्या शाईत, 'पास. कुत्र्यास योग्य.'

त्यावर एक सरळ रेघ होती. बाजूला सही. आणि पुढे लाल शाईत, 'रिजेक्ट. प्रोटीन कमी.'

खालचं स्वच्छ वाचता येत होतं.

माझ्या डोळ्यांना धार लागली ती थांबेना. ड्रायव्हरने विचारलं, "काय झालं मॅडम, गाव सोडल्याचं दुःख होऊन राहिलं काय?" मी हो म्हटलं. वही त्यांनी चुकून दिली असेल, असं मी क्षणभर मनाला समजावलं. पण अशी चूक त्या माणसाकडून होत नाही, एवढं तरी मला एव्हाना कळायला हवं होतं. ते माझ्यावर रागावलेच नव्हते. माझी चूक त्यांनी झाकली नव्हती आणि स्वतःचीही झाकली नव्हती.

तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी आठला त्यांना फोन करते. दुसऱ्या रिंगला उचलतात. मी विचारते, या महिन्याचा लॉट कसा आहे, आणि ते सांगतात. मला माहीत आहे की तो माझा फोन नाही ज्यासाठी ते बसलेले असतात. तरी बोलतात.

गेल्या उन्हाळ्यात असाच फोन केला तर लॉटचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मोहन गेला, मॅडम. मंगळवारी. सकाळचं खाल्लं होतं त्यानं, अर्धी वाटी."

मी विचारलं, "मुलाला कळवलं?"

"त्यानं विचारलं नाही."

"अहो पण काका, डबे तर येतच असतील अजून."

"येते ना. त्याच्या नावचा खोका येते दर महिन्याले. मी तपासतो, पानाचा फोटो पाठवतो, तेवढं शिकलो आता. लॉट पास हाये तं पास लिहितो. त्यात खोटं काय हाये?"

डबे आता मासोळीवाली बाई नेते. तिने मला फोनवर ओरडून सांगितलं, "माह्या घरचे कुत्रे मासोरीच्या पान्याकडे पाहून नाही राहिले बाई! काकानं बिघडवले!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी या ना एकदा. तो मानूस कुत्र्याचा पट्टा हातात धरून फाटकापाशी उभा राह्यते सकाळी."

गेल्या शनिवारी आमची सकाळची शाळा होती. नाकाडोंगरीला रेंज फक्त शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली येते. मधल्या सुट्टीत तिथे गेले तर फोनवर काकांच्या मुलाचा मेसेज होता. इतक्या वर्षांत पहिला. 'मॅडम, नमस्कार. बाबा दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. सगळे पास असतात. मफिन मजेत आहे ना?'

मी लिहिलं, मफिन गेला. पुसलं. लिहिलं, तुम्हाला लाज वाटत नाही का. तेही पुसलं. फोनवर एक रेघ मारून खोडायची सोय नाही, खोडलं की खालचं काहीच उरत नाही. एकदा मी शहाणपणा करून त्या बापलेकांमधलं बोलणं बंद पाडलं होतं. आता खरं सांगितलं तर डबेही बंद होतील, आणि खोटं सांगायला काकांनी मला शिकवलेलं नाही. पोरं झाडावर दगड मारत होती, त्यांच्यावर मी उगाच खेकसले.

शेवटी लिहिलं, 'लॉट पास आहे. पण या वेळचा रिपोर्ट लिहून पाठवण्यासारखा नाही. तो बाबांकडूनच ऐका. त्यांना घाई करू नका.'

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. मग राहवेना म्हणून काकांना फोन लावला, सांगायला की मी असं असं केलंय, रागावू नका.

एंगेज.

मी पुन्हा लावला. फोनमधली ती रेकॉर्डवरची बाई पुन्हा म्हणाली, ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं वर्गात पळाली. वर्गाच्या दारातून मी परत झाडाखाली गेले आणि शेवटचं एकदा लावून पाहिलं. अजून एंगेजच होता.